एटी म्हणजे अटेन्शन: १९८१ चा मोडेम आणि आजचं वाय-फाय मॉड्यूल

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ईएसपी-०१ कधी वापरलंय? पोस्टाच्या तिकिटाएवढं, आठ पिनांचं वाय-फाय मॉड्यूल. त्याला ‘एटी’ लिहून पाठवलं की ते ‘ओके’ म्हणतं. ही भाषा आली कुठून, ते आज बघू.

आधी अनेकांना फोन हातानं फिरवून रिसीव्हर मोडेमच्या रबरी कपांवर ठेवावा लागे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांच्या कंपनीनं स्मार्टमोडेम आणला. वेग किती? सेकंदाला ३०० बिट. पण नंबर तो स्वतः फिरवायचा.

अडचण एकच होती. वायर तीच, तिच्यातूनच माहिती जाणार आणि तिच्यातूनच हुकूमही. मग मोडेमला फरक कळणार कसा? उपाय साधा निघाला: हुकमाच्या आधी ‘एटी’, म्हणजे ‘अटेन्शन’. कॉल चालू असताना मोडेमशी बोलायचं तर क्षणभर थांबा, तीन अधिक चिन्हं पाठवा, पुन्हा थांबा. रीसेटसाठी ‘एटीझेड’. बाकी कंपन्यांनीही हीच पद्धत उचलली.

आता थेट २०१४, शांघाय. टिओ स्वी अॅन यांच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ चिप घेऊन एआय-थिंकरनं ईएसपी-०१ बनवलं. किंमत काही डॉलर. माहितीपत्रकं मात्र चिनी भाषेत! जगभरच्या हौशी मंडळींनी ती भाषांतरित केली, एकमेकांना धडे दिले. ऑक्टोबरमध्ये कंपनीनं प्रोग्रॅमिंगची साधनं खुली केली आणि ज्याला सगळे नुसता वाय-फायचा हरकाम्या समजत होते, तो स्वतःच छोटा कॉम्प्युटर निघाला. २०१५ पासून आर्डुइनोच्या पद्धतीनंही त्याचा प्रोग्रॅम लिहिता येऊ लागला.

हुकूम मात्र जुन्याच वळणाचे राहिले. ‘एटी+सीडब्ल्यूजेएपी’नं नेटवर्कला जोडायचं. थेट डेटा पाठवण्याच्या मोडमधून बाहेर यायला आजही तीच तीन अधिक चिन्हं!

रीसेटचं मात्र नीट लक्षात ठेवा. ‘एटी+आरएसटी’ म्हणजे फक्त बंद करून चालू. तेव्हा स्क्रीनवर विचित्र अक्षरं उमटली तरी मॉड्यूल गेलं असं समजू नका. सुरुवातीचा संदेश ७४८८० च्या वेगानं येतो, आपला मॉनिटर बहुधा ११५२०० वर असतो. शेवटी ‘रेडी’ दिसलं की झालं. पण ते पुन्हापुन्हा आपोआप रीसेट होत असेल, तर आधी वीजपुरवठा तपासा. मॉड्यूलला ३.३ व्होल्टच हवेत, पण करंट क्षणभर ३०० मिलिअँपिअरच्या आसपास जाऊ शकतो. आर्डुइनो उनोची ३.३ ची पिन जेमतेम ५० देते.

आणि या साध्या रीसेटनं सेव्ह झालेला वाय-फाय पासवर्ड पुसला जात नाही. त्यासाठी ‘एटी+रीस्टोर’ आहे. प्रोजेक्ट संपल्यावर मॉड्यूल ज्युनिअरला देताय? मग आधी तो हुकूम द्या. नाहीतर मॉड्यूलबरोबर घरच्या वाय-फायची किल्लीही जाईल.

चला, भेटू पुढच्या भागात!