शब्दामागचा हेतू



धर्माची कोणी टिंगल केली की 'भावना दुखावल्या' अशी पोलिसांत तक्रार होते. ज्या कलमाखाली ती होते, ते आले कुठून?

1924 साली लाहोरमध्ये 'रंगीला रसूल' ही पुस्तिका निघाली. तिच्यात पैगंबरांची हेटाळणी होती. प्रकाशक राजपाल यांच्यावर दोन समाजांत वैर पसरवल्याचा खटला झाला. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, पण 1927 मध्ये हायकोर्टाने त्यांना सोडले. धर्मसंस्थापकाची टिंगल तेव्हाच्या कलमात बसत नाही, असे न्यायमूर्ती दलीप सिंग यांचे म्हणणे. लोक खवळले आणि त्याच वर्षी सरकारने 295अ हे नवे कलम आणले.

विधेयकाच्या चर्चेत महंमद अली जिनांनी बजावले होते की, इतिहास लिहिणारे आणि धर्मावर प्रामाणिक टीका करणारे यात सापडू नयेत. कलमातले 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' हे शब्द त्याच काळजीचे आहेत. 1957 मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम वैध ठरवले, तेही या शब्दांच्या आधारावर. आता ते भारतीय न्याय संहितेत 299 क्रमांकाने आहे.

कायद्याने राग मात्र शमला नाही. 1929 मध्ये राजपाल यांचा खून झाला.

आपल्या समाजाचाही या कलमाशी संबंध आला. 2016 मध्ये मुनिश्री तरुणसागरजींचे हरियाणा विधानसभेत प्रवचन झाले. त्यावर संगीतकार विशाल ददलानी यांनी थट्टेचे ट्वीट केले आणि गुन्हा दाखल झाला. महाराजांनी राग धरला नाही. 2019 मध्ये हायकोर्टाने गुन्हा रद्द केला, पण दहा लाख भरायला लावले. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तोही आदेश काढून टाकला. नीतीची पहारेदारी हे कोर्टाचे काम नव्हे, असे कोर्टाने म्हटले.

हे ऐकून काहींना वाईट वाटेल. मुनींची थट्टा मलाही खुपते. पण समंतभद्र आचार्यांनी 'आप्तमीमांसे'त इतरांची एकांत मते खोडून काढलीच ना? ऐकणाऱ्याच्या रागावरच गुन्हा ठरला, तर उद्या आपले ग्रंथही कठड्यात उभे राहतील.

म्हणून हेतू पाहायचा. द्वेषाने, कोणाला मारा-हाकला म्हणून चिथावणाऱ्याला शिक्षा हवीच. वेडेवाकडे बोलणाऱ्याला उत्तर पुरे. आणि आपल्यापुरती भाषासमिती आहेच. ती पाळायला पोलीस लागत नाहीत.