पंधरवड्याचं पत्र

पंतप्रधानाचा आठवडा कसा जातो? मंत्रिमंडळाची बैठक, संसद, भेटीगाठी, भाषणं, निवेदनं. नेहरूंनी त्यात आणखी एक काम आपणहून जोडून घेतलं. १५ ऑक्टोबर १९४७ पासून ते दर पंधरवड्याला प्रांतांच्या प्रमुखांना पत्र लिहू लागले. मुंबईत तेव्हा बाळासाहेब खेर होते. फाळणीची आग विझली नव्हती, आणि पहिल्याच पत्रात इथे राहिलेल्या मुसलमानांना न्यायाने वागवण्याचा आग्रह होता. पुढे नेम सैलावला, तरी डिसेंबर १९६३ पर्यंत पत्रं चालू राहिली.

आता प्रश्न असा, की हुकूम सोडता येत असताना कारणं कशाला सांगायची? हुकमाने काम होतं, पण ते पटत नाही. ज्याला आपण कारण सांगतो, त्याला आपल्या बरोबरीचा मानतो.

पण याच नेहरूंच्या काळात, जुलै १९५९ मध्ये, केरळचं नंबूद्रीपाद सरकार बरखास्त झालं; तेही विधानसभेत बहुमत असताना. म्हणजे कारणं सांगायची सवय सत्तेला आवरायला पुरत नाही. तरी ती सोडून चालणार नाही. कारणं कागदावर असली, की निदान पुढच्या पिढीला त्या माणसाला त्याच्याच शब्दांनी जाब विचारता येतो.