अकराशे फियाट आणि सीमाभागातील कारागीर

निपाणीहून बेळगावकडे निघालेली मोटार गाव मागे टाकते न टाकते तोच स्तवनिधीजवळचा तवंदीचा घाट लागतो. घाट म्हणून तो काही मोठा नव्हे. सह्याद्रीतील आंबोलीसारखा घाट ज्याने चढला, त्याला तवंदी म्हणजे एक उंचवटाच वाटावयाचा. तथापि चार माणसे आणि सामान घेऊन निघालेल्या जुन्या मोटारीच्या इंजिनाची प्रकृती कशी आहे, हे सांगावयास तो पुरेसा होता. पुढे यमकनमर्डीनंतर वंटमुरीचा चढ येई, आणि मग बेळगाव. निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे ७५ किलोमीटरचे. या शतकाच्या आरंभी महामार्ग चौपदरी झाला आणि या चढांची धार बोथट झाली. त्यापूर्वी मात्र चढावर कोणती गाडी गिअर न बदलता निघून जाते, यावरून गाडीची आणि ती दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची किंमत ठरत असे.

दिसावयास साधी, चार दारांची, घरच्या मंडळींना लग्नकार्यास नेणारी, पण धावण्यात मात्र शर्यतीच्या गाडीशी नाते सांगणारी अशी मोटार युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच विकत मिळू लागली. इटलीच्या फियाट कंपनीने १९५३ साली आपली नवी ‘११००’ गाडी बाजारात आणली, आणि त्याच वर्षी तिचीच एक वेगवान बहीण ‘तुरिस्मो वेलोचे’ या नावाने काढली. साध्या गाडीचे इंजिन ३६ अश्वशक्तीचे होते, तर या बहिणीचे ४८. इंग्लंडात जॉन कूपर यांनी १९६१ साली चिमुकल्या मिनी गाडीला हात लावला आणि ‘मिनी कूपर’ जन्मास आली. ज्याच्या खिशात पैसे होते त्याने दुकानात जावे आणि अशी गाडी घेऊन यावी, इतका तिकडे मामला सोपा होता.

हिंदुस्थानात तो तसा नव्हता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. पुढे १९५३ साली सरकारने असे ठरविले की, परदेशी सुटे भाग आणून येथे नुसती जोडणी करणाऱ्यांना थारा नाही. गाडी येथेच घडविण्याचा ज्यांचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावे. तेव्हा मुंबईत १९२८ पासून जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली गाशा गुंडाळला. ग्राहकापुढे उरल्या प्रामुख्याने तीन गाड्या: कलकत्त्याकडची अँबॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड आणि कुर्ल्याची फियाट. त्याही नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर मिळावयाच्या. वेगवान आवृत्ती वगैरेचा प्रश्नच नव्हता. धोरणाचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. देशात मोटारीचे भाग घडू लागले ते त्यामुळेच. पण ज्याला गाडीचा नाद लागलेला आहे, त्याच्या मनाची भूक त्या धोरणाच्या कागदावर कोठेच मांडलेली नव्हती.

साहजिकच अशा माणसाची दृष्टी फियाटवर खिळली. पाठीमागून फुगीर दिसणाऱ्या तिच्या जुन्या आवृत्तीला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. नाव हेटाळणीचे, पण म्हणणाऱ्याच्या स्वरात जिव्हाळा असे. १९६४ साली सरळ रेषांची नवी फियाट आली, तीच १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. या गाडीच्या संबंधात एक गोष्ट मोठी मौजेची आहे. त्याच बांध्याची गाडी इटलीत १९६२ साली निघाली, तेव्हा तिच्या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर होता आणि इंजिन १२२१ घन सेंटिमीटरचे होते. कुर्ल्याच्या गाडीत तोच व्यास ६८ मिलिमीटर राहिला, म्हणून इंजिन १०८९ चे. पिस्टनची धाव दोन्हीकडे ७५ मिलिमीटरच. म्हणजे इटलीतील ग्राहक आणि येथील ग्राहक यांच्यातील अंतर अवघे चार मिलिमीटर होते! हे चार मिलिमीटर भरून काढण्याचा, निदान त्यातील एखाद-दुसरा तरी पदरात पाडून घेण्याचा खटाटोप म्हणजेच आपल्याकडील फियाट-सुधारणेच्या इतिहासाचे पहिले प्रकरण होय.

हे काम करावयाचे म्हणजे लेथ आणि बोअरिंगचे यंत्र हवे, आणि त्याहून अधिक म्हणजे ते चालविणारा हात हवा. हे हात बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात का मिळाले, याचे उत्तर शोधू गेल्यास फियाटच्या पुष्कळ मागे जावे लागते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवीत असत. सायकल ही तेव्हा नवलाची वस्तू. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडाव्या आणि बंधू रामुअण्णांनी त्या बेळगावात विकाव्या, शिवाय गिऱ्हाइकाला बसावयासही शिकवावे, असा तो व्यवहार होता. नोकरीत बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणराव स्वतःच बेळगावास आले. सायकल दुरुस्त करता करता कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी तो पहिला नांगर विकावयास दोन वर्षे लागली. पुढे नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखाना हलवावा लागला. औंधच्या राजेसाहेबांनी माळरान दिले, तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. बेळगावाने कारखाना गमावला, परंतु यंत्राकडे पाहण्याची दृष्टी गमावली नाही. पुढे कोल्हापुरास तेल-इंजिनांचे आणि ओतकामाचे कारखाने उभे राहिले, बेळगावास उद्यमबागेत यंत्रशाळा निघाल्या, आणि क्रँकशाफ्ट घडविणे हा बेळगावचा ओळखीचा धंदा झाला. उसाच्या मळ्यातील पंपाचे इंजिन बोअर करणाऱ्याला फियाटचे इंजिन काही परलोकातले वाटत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसे चाले, ते पाहू. झिजलेले सिलिंडर आतून कोरून किंचित मोठे करावयाचे आणि त्यांत त्या मापाचे पिस्टन घालावयाचे, ही तर नित्याची दुरुस्ती. हे मोठे पिस्टन इंचाच्या हजारांश भागांत मोजतात. म्हणून गॅरेजच्या बोलीत ‘वीस’, ‘चाळीस’, ‘साठ’ असे नुसते आकडे चालतात. ‘साठ’ पर्यंत गेल्यास १०८९ चे इंजिन सुमारे ११३९ चे होते. दुरुस्तीच्या नावाखाली पन्नास घन सेंटिमीटर पदरात! हावरा मालक याहून पुढे जा म्हणे; परंतु सिलिंडरच्या भिंतीत किती मांस शिल्लक आहे, याचा अंदाज मिस्त्रीलाच असे, आणि शहाणा मिस्त्री तेथे थांबे.

दुसरा उपाय हेडचा. फियाटचे हेड अॅल्युमिनियमचे. ते खालच्या अंगाने थोडे घासून घेतले की वरची पोकळी लहान होते, पेट्रोल आणि हवेचे मिश्रण अधिक दाबले जाते आणि स्फोट जोमदार होतो. पण येथे पेट्रोल आड येई. त्या काळी आपल्याकडे मिळणारे पेट्रोल कमी ऑक्टेनचे होते. दाब वाढविला की ते अवेळी पेट घेई आणि चढावर इंजिनातून खिळे पडल्यासारखा आवाज येई. म्हणजे इटलीतील पुस्तकात दिलेला आकडा येथे जसाच्या तसा उपयोगी पडत नसे. तो आकडा तवंदीच्या चढावर कानाने शोधावा लागे. हेड थोडे घासावे, गाडी घाटात न्यावी, ऐकावे, परत यावे, गॅस्केट जाड घालावे, पुन्हा जावे. या येरझारांना परीक्षणाची प्रयोगशाळा म्हणावयास हरकत नाही, मग तिच्या दारावर पाटी असो वा नसो.

तिसरा उपाय श्वासाचा. इंजिनाला हवा अधिक मिळावी म्हणून दोन वाटांचा कार्ब्युरेटर बसवावयाचा आणि जळलेला वायू अडखळू नये म्हणून धुराड्याची नळी बदलावयाची. इटलीत कार्लो आबार्थ यांनी १९४९ साली सुरू केलेला व्यवसाय फियाटसाठी अशाच नळ्या आणि सुटे भाग विकून जगभर नावारूपास आला. आपल्याकडे परदेशी कार्ब्युरेटर मिळविणे म्हणजे दिव्य. तेव्हा आहे त्याचेच जेट मोठे करण्यावर भागवीत. स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअर काढून तो खाली जमिनीवर आणणे हा आणखी एक लोकप्रिय फेरफार. त्याने वेग तिळभरही वाढत नाही. पण चालविणाऱ्याला शर्यतीत बसल्याचे समाधान मिळते, आणि समाधान हेही गाडी घेण्याचे एक कारण आहेच.

एका बाबतीत मात्र या कारागिरीला उणे म्हटल्यावाचून राहवत नाही. चारही चाकांना फियाटचे ब्रेक ड्रमचे होते. लांब उतारावर ते तापतात, अस्तर गुळगुळीत होते आणि पायाखालचा ब्रेक हळूहळू बोलेनासा होतो. इंजिनाची ताकद वाढविणारे ब्रेकचा विचार शेवटी करीत, कित्येक करीतच नसत. जॉन कूपर यांनी मिनीचे इंजिन वाढविले तेव्हा त्याच दिवशी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळतो. चढावर शाबासकी मिळते. उतारावर काय झाले, हे कोणी अभिमानाने सांगत नाही. मद्रासजवळ शोलावरमच्या महायुद्धकालीन धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यांत फियाट गाड्या मोठ्या संख्येने धावत. ती जागा सपाट, मोकळी. घाटरस्त्याला बैलगाडीही असते आणि शाळेतून घरी जाणारी मुलेही असतात.

फेरफार करता करता एखाद्याची मजल कोठवर जाते, याचे उदाहरण याच परिसरात आहे. निपाणीपासून फार दूर नसलेल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचे गृहस्थ राहत. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी दुसऱ्याची गाडी बदलण्याऐवजी स्वतःचीच बनवावयास घेतली. १९४९ साली त्यांची दोन माणसांची पहिली छोटी मोटार रस्त्यावर आली, आणि नंतर सुमारे पाव शतक ते तिलाच सुधारीत राहिले. एक नमुना झाला की दुसरा, आधी हवेने थंड होणारे इंजिन, मग पाण्याने थंड होणारे. गाडीचे नाव ‘मीरा’. सुमारे बारा हजार रुपयांत ती सामान्य माणसास मिळावी असा त्यांचा हिशेब होता. परंतु परवानग्यांच्या आणि करांच्या गाठी काही सुटल्या नाहीत, आणि मीरेचे नमुने नमुनेच राहिले. त्याच सुमारास, १९७० साली, दिल्लीत एका छोट्या मोटारीसाठी संजय गांधी यांना इरादापत्र मिळाले होते. त्यातून निघालेल्या मारुती कंपनीचा पहिला डाव फसला. सरकारने ती ताब्यात घेतली, जपानच्या सुझुकीशी करार झाला, आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. इचलकरंजीच्या माणसाला दुसरा डाव मिळाला नाही. त्याच्या गाडीत उणिवा असतील, किंबहुना असणारच. पण त्या बाजारात उघड्या पडण्याची संधीही तिला लाभली नाही, ही खंत राहतेच.

मारुतीनंतर चित्र झपाट्याने पालटले. १९८५ साली प्रीमियरनेच निस्सान कंपनीचे इंजिन घातलेली ‘११८ एनई’ काढली, आणि नव्वदीनंतर तर परदेशी गाड्यांना दारे मोकळी झाली. वेगवान सेदान आता दुकानात मिळते. इंजिनाचा कारभार विद्युत-यंत्रणेकडे गेल्यामुळे फेरफार करणाराही लेथ सोडून संगणकापुढे बसला आहे.

कायदाही बदलला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडीत असा फेरफार केला की नोंदणीपत्रकातील तपशील जुळेनासा होईल, तर मालकाने ते नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असे. १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम पुष्कळ कडक आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. रंग बदलावा, किरकोळ वस्तू लावाव्या, इतपत चालेल. ब्रेकची गोष्ट ध्यानात घेता या कडकपणामागील कारण समजण्यासारखे आहे. मात्र ज्या मिस्त्रीने चाळीस वर्षे इंजिने कोरली आणि एकही गाडी घाटात गमावली नाही, त्याच्या ज्ञानाला त्या कलमात जागा कोणती, हा प्रश्न कायद्याने सोडविलेला नाही.

सीमाभागाचा म्हणून एक वेगळाच फेरफार आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आज बेळगावच्या गाडीवर ‘केए २२’, निपाणीकडील गाडीवर चिकोडीचा ‘केए २३’ आणि अवघ्या चाळीस किलोमीटरवरील कोल्हापूरच्या गाडीवर ‘एमएच ०९’ असते. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची, तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, कर नव्याने भरावा लागतो. मुलगी कोल्हापुरात दिलेली, शेत निपाणीला आणि सुटे भाग शिवाजी उद्यमनगरात, अशा माणसाच्या गाडीने कोणत्या गावचे म्हणवून घ्यावे?

कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनीचे उत्पादन शतक पालटताना थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची मर्यादा गाठून टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. खासगी मालकांकडे काही उरल्या आहेत. त्यांचे पिस्टन आता ‘साठ’च्या पलीकडे जाऊ शकत नाहीत, तेथे सिलिंडरमध्ये नवी नळी ठोकून व्यास पुन्हा मूळच्या ६८ मिलिमीटरवर आणावा लागतो, आणि हे काम करून देणारा लेथ बहुधा पंपाच्या इंजिनांच्या गर्दीतच उभा असतो.