गायरान आणि गुरांच्या बरगड्या

ज्याचे आयुष्य कामगार-चळवळीत गेले तो माणूस गवतावर बोलणार, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गुरांमागे जास्त झाले. पुढे संघटनेच्या कामाने कायद्याची पुस्तके वाचायला लावली. या दोन शाळांत जे शिकलो, त्याच्या आधारे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील गायरानाची कहाणी आज मांडीत आहोत.

आपला मुलूख बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचा. भूम, वाशी, कळंब, तुळजापूर या भागांत जेथे नांगर रुतत नाही तेथे मुरमाड माळ, आणि माळावर गवत. भूमचा खवा सर्वांस ठाऊक आहे; पण खव्याच्या मुळाशी दूध, दुधाच्या मुळाशी वैरण, हे आपण विसरतो. राज्ये बदलली. १८५३ च्या तहाने हा भाग निजामाने कंपनीकडे सोपविला, १८६० साली तो परत निजामाकडे गेला, १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनेही गावच्या गुरांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. म्हणजे कागद सरकारचा आणि चारा गावचा, अशी ही व्यवस्था आहे.

मात्र कागदाने गवत उगवत नाही. गवत राखणारा गुराखी होता. मारवेल आणि शेडा ही गोड गवते गुरे आधी खातात. एकाच जागी रोज तोंड घातले तर ती बी धरण्याआधीच संपतात आणि मागे कुसळी उरते. कुसळीही कोवळी असताना चालते. कुसळे धरली की ती जनावराच्या तोंडात रुतते. म्हणून जाणता गुराखी आज या अंगाला, उद्या त्या अंगाला गुरे वळवी. त्याच्या मजुरीला गाव जनावरामागे थोडे धान्य किंवा चार पैसे देई. हे कुशल काम होते, परंतु त्याला कोणी कुशल म्हटले नाही. मजुरी परवडेना तसा गुराखी ऊसतोडीला किंवा शहरात गेला, आणि माळ बेवारस झाला.

दुसरीकडे भूमिहीनांचा प्रश्न उभा होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही, त्याने पडीक माळ कसायला मागितला, यात अन्याय कोणता? १९९१ साली राज्य सरकारने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करण्याचा निर्णय घेतला. तरी सातबाऱ्यासाठी हेलपाटे चुकले नाहीत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला. तथापि भूमिहीन व दलित-आदिवासींना रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यात होता. निकालाचे पहिले वाक्य सांगणारे पुष्कळ भेटतात, दुसरे सांगणारे थोडे.

या भांडणात आम्ही कोणाच्या बाजूचे, असे विचारले जाते. आमचे म्हणणे असे, की हे भांडणच चुकीचे लावलेले आहे. ज्याला स्वतःचा बांध नाही, त्याच्याच गाईला गायरान सर्वांत जास्त लागते. मोठ्या शेतकऱ्याची जनावरे बांधावर आणि विकतच्या चाऱ्यावर निभतात. तेव्हा कसणाऱ्याला हुसकू नये, आणि उरलेला माळ मात्र कोणालाही गिळू देऊ नये.

वैरणीची तंगी आणखी एका वाटेने आली. ज्वारीच्या रानात सोयाबीन आले. पैसा लवकर हाती येतो, परंतु दाराशी कडब्याचे बणीम उभे राहत नाही. सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा घेत नाही. म्हणून २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत मराठवाड्यातील माणसे गुरांसह चारा छावण्यांत जाऊन राहिली.

मग करावे काय? नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर चराईबंदी केली. गवत चारण्याऐवजी कापून न्यायचे ठरविले, आणि उघड्या डोंगरावर गवत आले. आपल्याला उरलेल्या माळाचे तीन भाग करता येतील. दर पावसाळ्यात एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवावा. बाकीचे गवत फुलोऱ्यात, कुसळे धरण्यापूर्वी, कापून वाळवावे. राखणदाराला गावाने ठरलेली मजुरी द्यावी. फुकट राखण फार दिवस टिकत नाही.

आणि दर महिन्याला जनावराच्या अंगावर हात फिरवावा. बरगड्या लांबून मोजता आल्या, शेपटीच्या बुडाशी खळगा पडला, तर जनावर खंगले म्हणून समजावे. अशी गाय माजावर येत नाही, आणि वर्ष भाकड जाते. विण्याच्या दोन-तीन महिने आधी चारा वाढविला तर उपयोग होतो. व्यायल्यावर धावपळ करणे महाग पडते.

कारखान्यात आम्ही मजुराच्या अंगाकडे पाहून पगाराची गोष्ट ओळखीत आलो. गावाची गोष्ट गुरांच्या बरगड्यांवर लिहिलेली असते. ती वाचायला सातबारा लागत नाही. उन्हाळ्यात एकदा माळापर्यंत चालत जावे लागते.