पारा ३८ वर, तरी १४ जणांचा जीव गेला! उन्हाच्या इतिहासातून काय शिकायचं?

कात्रज : घाट उतरून कामाला, बाजाराला येणाऱ्या गावाकडच्या मंडळींनी ही माहिती जरूर वाचावी.

पुण्यात ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश तापमान नोंदवलं गेलं. २८ एप्रिल २०१९ ला पारा पुन्हा ४३ वर गेला. पण नुसता पारा बघून चालत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पारा ३८ च्या आसपासच होता. तरी महाराष्ट्र भूषण सोहळ्याला उघड्यावर तासन् तास बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही.

अमेरिकेतही हेच झालं. जुलै १९९५ मध्ये शिकागो शहरात सातशेहून जास्त माणसं गेली. रात्रीही उकाडा उतरला नाही. बंद खोलीत एकटी राहणारी म्हातारी माणसं त्यात जास्त होती.

उष्माघात कसा ओळखायचा? अंग तापतं, माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात, शुद्ध हरपते.

काय करायचं? आधी १०८ ला फोन लावा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला. मान, काखा, जांघेत ओली फडकी ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

दुपारी १२ ते ३ कष्टाची कामं टाळा. तहान नसली तरी पाणी, ताक घ्या. घरात एकटे म्हातारे असतील तर दुपारी एक चक्कर मारा.