नागपूरचे फिरते दफ्तर

नागपूर प्रांताच्या इतिहासात राजांचे, लढायांचे आणि तहनाम्यांचे वृत्तान्त पुष्कळ विस्ताराने लिहिले गेले. परंतु ज्या कारकुनी वर्गाने ते तहनामे लिहून काढले, त्यांच्या नकला केल्या, आणि रुमालांत बांधून ते प्रथम बैलांच्या पाठीवरून, पुढे आगगाडीतून व अलीकडे मालमोटारींतून शेकडो कोस सुरक्षित नेले, त्या वर्गाच्या दक्षतेची नोंद क्वचितच कोणी घेतली. वस्तुतः ही दक्षता या शहराचे एक वैशिष्ट्यच मानावयास हवे. भोसल्यांच्या अमदानीत, इंग्रजांच्या अमदानीत आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरही नागपूरचे दफ्तर फार काळ एका जागी स्वस्थ बसले नाही. आणि म्हणूनच, नागपूर स्थानकावर खांद्याला लॅपटॉपची पिशवी अडकवून गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाने, किंवा घरातील सर्वांचे हिशेब, छायाचित्रे आणि दाखले एकाच यंत्रात साठविणाऱ्या गृहस्थाने, आपला ऐवज कसा सांभाळावा असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर यंत्राबरोबर मिळणाऱ्या माहितीपत्रकापेक्षा या जुन्या दफ्तरदारीच्या रिवाजात अधिक नेमकेपणाने सापडते, असे माझे मत आहे.

देवगडच्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास वसविलेले हे शहर पुढे रघूजी भोसल्यांच्या हाती आले, आणि १७४१ नंतरची दहा वर्षे त्यांच्या फौजा पुनःपुन्हा बंगालवर चालून गेल्या. १७५१ च्या तहाने बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने ओरिसाचा अंमल सोडला आणि बारा लाखांची चौथाई कबूल केली. तेव्हापासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत नागपूर ते कटक एवढ्या विस्तीर्ण मुलखाचा कारभार नागपूरच्या महाल भागातील भोसल्यांच्या वाड्यातून चालत असे. फौजेबरोबर चिटणिशी आणि फडणिशीही चाले. मुक्काम पडला, राहुट्या उभ्या राहिल्या, की कारकून एक गुडघा उभा करून त्याच्या आधाराने कागद धरीत, बोरूने मोडी मजकूर उतरवीत आणि ओल्या शाईवर चिमूटभर वाळू टाकून ती झटकून घेत. मसुदा पसंत पडला की त्याची स्वच्छ प्रत होई. रवानगीची नोंद बारनिशीत पडे. अखेरीस मोर्तब होई, जेणेकरून मजकुराच्या शेवटी मागाहून कोणास एक ओळही वाढविता येऊ नये. आणि मग ते पत्र जासूदजोडीच्या स्वाधीन केले जाई. जासूद जोडीने धाडण्याचा हा प्रघात मोठा विचाराचा होता, कारण वाटेत नदीचा पूर, जंगलातील श्वापद किंवा हिवताप यांपैकी काहीही एकाला गाठू शकत असे आणि तशा प्रसंगी पत्र पुढे नेण्यास दुसरा शिल्लक राही. कागद ज्या कापडी रुमालात बांधून ठेवीत त्यात किडीसाठी वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाचा पाला घालण्याची चालही सर्वत्र होती. महालात आज चिटणीसपुरा आणि चिटणीस पार्क ही नावे उरली आहेत, ती चिटणिसाच्या या हुद्द्याची.

तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, राज्य खालसा झाले, आणि १८६४ साली भोसल्यांचा तो काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला वाडा आगीत भस्मसात झाला. नगारखाना तेवढा वाचला. या वाड्यातून ज्यांचा कारभार चालला त्या भोसल्यांचा इतिहास आज आपणांस सविस्तर वाचता येतो, तो पुष्कळ अंशी अन्यत्र राहिलेल्या कागदांच्या बळावर. नागपूरकरांनी पेशव्यांस पाठविलेली पत्रे पुण्याच्या दफ्तरात पडून होती, रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून त्या दफ्तरातून निवडून जे ४५ खंड प्रसिद्ध केले, त्यांतील २० वा खंड नागपूरकर भोसल्यांचाच आहे. नागपूरच्या इंग्रज रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार इंग्रजांच्या दफ्तरात राहिला. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिलेली भोसल्यांची बखर या. मा. काळे यांच्यासारख्या व्यासंगी संपादकाच्या हाती लागली. ज्या पत्राची एक प्रत दुसऱ्या गावी, दुसऱ्या छपराखाली होती, ते पत्र अशा आगीच्या तावडीतून सुटले.

ही गोष्ट केवळ शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देण्यासारखी नाही. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे दगावली आणि अनेक खात्यांच्या फायली जळाल्या. ज्यांच्या प्रती जिल्ह्याच्या कचेऱ्यांत किंवा संगणकावर होत्या, त्या पुन्हा उभ्या करता आल्या. घरगुती माणसाने यातून घ्यावयाचा नियम अगदी सरळ आहे. लॅपटॉपमधील महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत बाह्य डिस्कवर असावी आणि आणखी एक घराबाहेर असावी, मग ती क्लाउडवर असो अथवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाच्या कपाटात असो. प्रत घेऊन झाली की डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी, कारण फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे विषाणू जोडलेल्या डिस्कलाही सोडीत नाहीत. पुष्कळांचा असा समज असतो की फोन आणि लॅपटॉप यांच्यातील छायाचित्रे आपोआप एकमेकांत उतरतात एवढ्याने काम भागले. पण त्या व्यवस्थेत एका जागी पुसलेले छायाचित्र दुसऱ्या जागीही पुसले जाते, म्हणून तिला प्रत म्हणता येत नाही. पेन ड्राइव्ह तर वर्षानुवर्षांच्या जपणुकीसाठी मुळीच विश्वासार्ह नव्हे. आणि वर्षातून एकदा तरी, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, ती प्रत उघडून तिच्यातील चार-दोन फायली वाचून पाहाव्या.

कागदांचा दुसरा शत्रू नागपूरचा उन्हाळा. इंग्रजांच्या अमदानीत मध्यप्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीच्या थंड हवेस जात असे, आणि त्याच्यामागून कचेऱ्यांचे गठ्ठे पिपरियाहून घाट चढत. मागे राहिलेल्या कचेऱ्यांच्या दारांखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत आणि त्यांवर दिवसभर पाणी शिंपडले जाई. ताट्यांची जागा आता कुलरने घेतली आहे, पण ऊन तेच आहे: मे २०१३ मध्ये येथील पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि मे २०२४ च्या अखेरीस तर शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली, जी हवामान खात्याने तपासाअंती संवेदकातील बिघाडामुळे झालेली म्हणून रद्द ठरविली. जे यंत्र ऊन मोजण्यासाठीच बसविले त्याची जर ही अवस्था, तर ज्या लॅपटॉपचे निर्माते तो साधारण १० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा असे लिहून देतात, त्याची काळजी आपणच घ्यावयास हवी.

सीताबर्डीत मोदी नंबर दोन आणि तीनच्या गल्ल्यांतून लॅपटॉप दुरुस्तीची दुकाने आहेत. तिथल्या टेबलापाशी घटकाभर उभे राहिले तरी पुष्कळ शिकता येते. कारागीर मागचे बारीक स्क्रू काढून चुंबकाच्या तबकडीवर ओळीने ठेवतो, झाकण उचलतो, आणि पंख्याच्या तोंडाशी साचलेला राखाडी थर चिमट्याने अलगद ओढतो, तो नमद्याच्या पट्टीसारखा सलग निघून येतो. धूळ तर असतेच. पण कुलरची दमट हवा थेट यंत्रावर घेतली की ती धूळ चिकटून बसते, आणि गादीवर ठेवून वापरले की खालून हवा शिरण्याची वाटच बंद होते. त्याच टेबलावर कधी अशी बॅटरी दिसते जी फुगून उशीसारखी गोल झालेली असते आणि जिने वरचा टचपॅड उचलून धरलेला असतो. अशी बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्जही करू नये. ती कारागिराकडूनच काढवून घ्यावी. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेले राहणे या दोहोंनी लवकर वार्धक्य येते. म्हणून जो लॅपटॉप दिवसभर वायरीला जोडलेलाच असतो, त्यात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असल्यास ती चालू करावी, आणि महिनाभर न वापरता ठेवावयाचा तर निम्मा भरलेला ठेवावा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो एक तासही ठेवू नये, एवढे तर नागपूरकरास वेगळे सांगावयास नको.

प्रवासाच्या बाबतीत या शहराचा अनुभव आणखी जुना आणि विलक्षण आहे. १९४९ च्या आरंभापासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळी देशाच्या चारही कोपऱ्यांत पत्रे पोचत. हा क्रम १९७३ पर्यंत चालला. त्याच सोनेगावच्या विमानतळावर आता प्रवाशाची पिशवी तपासली जाते, आणि तिथला नियम समजून घेण्यासारखा आहे: सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातील सामानातच ठेवाव्या लागतात, कारण प्रवाशांसमोर पेटलेली बॅटरी विझविता येते, विमानाच्या पोटातल्या सामानात पेटलेली दिसतही नाही. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, आणि बहुतेक घरगुती लॅपटॉप या मर्यादेच्या आतच असतात. लॅपटॉपही जवळच बाळगावा. आगगाडीत मात्र वेगळी तयारी हवी: आगीच्या भयास्तव डब्यांतील चार्जिंगचा पुरवठा रात्री ११ ते पहाटे ५ पर्यंत बंद ठेवण्याचे रेल्वेचे धोरण आहे. ज्याला सकाळी उतरताच काम करावयाचे आहे, त्याने जेवणापूर्वीच यंत्र भरून घ्यावे आणि रात्री ते बंद करून उशाशी ठेवावे.

आणि मग हिवाळी अधिवेशन. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने असे ठरले की सरकारने वर्षातील काही काळ नागपुरास यावे आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन येथे भरावे. त्यानुसार १९६० पासून, क्वचित खंड पडला तरी, अख्खे मंत्रालय हिवाळ्यात मुंबईहून सुमारे आठशे किलोमीटरचा प्रवास करून येते: मुख्यमंत्री रामगिरी बंगल्यावर, मंत्री रविभवनात, कर्मचारी १६० गाळ्यांत, आणि गठ्ठे, पेट्या, संगणक, छपाईची यंत्रे आपापल्या खात्याच्या खोलीत. एवढ्या धांदलीत कागद गहाळ होत नाही, तो यादीमुळे. काय निघाले, कोणाच्या ताब्यात निघाले आणि काय उतरले, याची नोंद असल्याखेरीज पेटी हलत नाही. प्रवाशानेही आपल्या लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि खरेदीची पावती घरी नोंदवून ठेवावी. चोरी झाल्यास फिर्याद देताना प्रथम तेच विचारतात. यंत्राला पासवर्ड असावा आणि डिस्क कूटबद्ध असावी, म्हणजे यंत्र गेले तरी आतला मजकूर चोराला वाचता येणार नाही. विंडोजमध्ये ही सोय बिटलॉकर या नावाने आहे. तिची ४८ अंकी पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेवावी, लॅपटॉपच्या पिशवीत कदापि नको. घरात मुलांसाठी वेगळे खाते काढून द्यावे, आणि स्थानकावरच्या फुकट वाय-फायवरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

एवढे सारे सांभाळूनही कागद हातचा जाऊ शकतो, आणि हा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी लिपी शाळांतून गेली, आणि दोन पिढ्यांत असे झाले की आजोबांचा रुमाल घरात शाबूत आहे, कागद बळकट आहे, शाई काळीभोर आहे, पण वाचणारा नाही. संगणकावर हेच आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. १९९० नंतरच्या काळात श्रीलिपी किंवा आयएसएमच्या निरनिराळ्या फाँटांत टंकलेली मराठी पुस्तके, वंशावळी, संस्थांची इतिवृत्ते आणि वडिलांच्या आठवणी घरोघरी पडून आहेत. नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो आणि घरचे लोक ती खराब झाली समजून पुसून टाकतात. ती खराब झालेली नसते. तिला युनिकोडमध्ये रूपांतरित करणारी साधने उपलब्ध आहेत, आणि काम थोड्या तासांचे आहे.

म्हणून विदर्भातील वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे: ज्यांच्या घरी अशा जुन्या फायली असतील त्यांनी त्या पुसण्यापूर्वी युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्या आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, आणि ज्यांच्या माळ्यावर मोडीचा रुमाल असेल त्यांनी त्याची स्वच्छ छायाचित्रे काढून नागपूरच्या विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थेतील जाणकारांना ती अवश्य दाखवावी.