टोमॅटोची सरी, आच्छादन आणि वाकलेली पाठ : तापीकाठच्या निंदणीचा इतिहास

१/ नंदुरबार जिल्ह्यात आज मिरची आणि टोमॅटोच्या गादीवाफ्यांवर रुपेरी-काळा ‘मल्चिंग पेपर’ अंथरलेला दिसतो. नावात पेपर असला तरी तो प्लास्टिकचा असतो. ओलावा टिकवणे आणि तण उगवू न देणे ही त्याची दोन मुख्य कामे. पण हा कागद येण्यापूर्वी तण कोण काढत होते? या एका प्रश्नामागे तापीकाठचा शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी प्रदेश पाहू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. १९०६ पर्यंत हा मुलूख अखंड खानदेशात होता, त्यानंतर पश्चिम खानदेशात. उत्तरेला सातपुडा आणि नर्मदा, दक्षिणेला तापीचे खोरे. शहादा, तळोदा, नंदुरबार या पट्ट्यातील काळी जमीन कसदार. आणि जिथे पीक जोमाने येते, तिथे तणही मागे राहत नाही. हरळी, कुंदा, लव्हाळा ही नावे इथल्या शेतकऱ्याला घरच्या माणसांइतकी परिचित.

३/ टोमॅटो मात्र पाहुणा. मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय जहाजांबरोबर तो आशियात आला. विदर्भात त्याला ‘भेदरं’ असे स्वतंत्र नाव मिळाले. नंदुरबारची ओळख बनलेली मिरची ही त्याच्याच कुळातली आणि त्याच खंडातली. दोन्ही पिकांची रोपे अंतर राखून लावावी लागतात. रोप लहान असते तोवर दोन रोपांमधली जमीन उघडी राहते आणि तण नेमकी तीच जागा धरते. लागवडीनंतरचे पहिले चार ते सहा आठवडे म्हणूनच निर्णायक असतात. तेव्हा तणाने मान वर काढली, तर पुढे कितीही निंदणी केली तरी उत्पादनातली घट भरून येत नाही.

४/ आच्छादनाचे तत्त्व साधे आहे. अनेक तणांचे बी अत्यंत बारीक असते. त्याला उगवण्यासाठी उजेड हवा असतो, आणि अंधारात कोंब फुटलाच तरी बियाण्यातली शिदोरी वर पोहोचेपर्यंत संपते. जमीन झाकली की बी तिथेच थांबते. टोमॅटोला याचा आणखी एक लाभ होतो : पावसाच्या माऱ्याने उडणारी माती खालच्या पानांवर बसत नाही, त्यामुळे मातीतून येणारा करपा कमी होतो.

५/ आपल्याकडचे जुने आच्छादन मातीचेच होते. बैलांच्या कोळप्याने पिकाच्या ओळींमधली वरची माती भुसभुशीत केली की तण कापले जाते, काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ ही म्हण या अनुभवातून आली आहे.

६/ या अनुभवाला विज्ञानाची मान्यता विसाव्या शतकात मिळाली. १९३३ मध्ये सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी अशी पद्धत त्यातून आकाराला आली. कानिटकरांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याच्या कोळप्याला त्यात मानाचे स्थान आहे.

७/ परंतु कोळप्याला एक मर्यादा आहे. ते दोन ओळींच्या मधून चालते; एकाच ओळीतल्या दोन रोपांमधले तण त्याच्या पात्याला लागत नाही. ते हातानेच काढावे लागते. इथे कामाची वाटणी झाली. बैल आणि कोळपे पुरुषाकडे. खुरपे, उकिडवे बसणे आणि निंदणी स्त्रीकडे. मजुरीही त्याच क्रमाने उतरत गेली. शेतातले सर्वांत वेळखाऊ काम सर्वांत कमी दामाचे ठरले.

८/ शहादा-तळोदा भागात हे काम मुख्यतः आदिवासी स्त्रिया करत. त्यांच्या समाजाच्या अनेक जमिनी सावकार आणि मोठ्या खातेदारांकडे गेल्या होत्या; पूर्वी ज्या रानाचे आपण धनी होतो, तिथेच मजुरी करण्याची वेळ आली होती. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली हा असंतोष संघटित झाला आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी, सालदारांची स्थिती आणि मजुरीचे दर हे तिचे प्रश्न होते. या लढ्यात स्त्रिया पुढे होत्या. दारूविरोधी मोहीम तर त्यांनीच चालवली. चळवळीच्या इतिहासात आपण मोर्चे वाचतो. मोर्चातल्या हातांनी आदल्या दिवशी काय केले होते, हेही वाचायला हवे.

९/ त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला तण काढण्याच्या अवजारावर खटला चालू होता. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना आखूड दांड्याचे कुदळे वापरावे लागे. दिवसभर कंबरेत वाकून काम केल्याने पाठी कायमच्या निकामी होत. दीर्घ लढ्यानंतर १९७५ मध्ये त्या अवजारावर बंदी आली. दांड्याची लांबी हा न्यायाचा प्रश्न असू शकतो, हे तिथल्या न्यायालयाला मान्य करावे लागले. आपल्या खुरप्याचा दांडा आजही वीतभरच आहे.

१०/ मग पालापाचोळ्याचे आच्छादन का पसरले नाही? शेजारच्या इंदूरमध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ग्रंथ लिहून शेतातला काडीकचरा आणि तण यांपासून खत करण्याची रीत मांडली. तण ही संपत्ती आहे, हा विचार त्यात होता. पुढे जपानच्या फुकुओकांचे पुस्तक मराठीत आले, आणि विदर्भातील सुभाष पाळेकरांनी आच्छादनाला नैसर्गिक शेतीच्या मुख्य अंगांत स्थान दिले.

११/ तरीही अडचण खरी होती. ज्वारीचा कडबा आणि गव्हाचा भुसा हा गुरांचा घास, कपाशीच्या पऱ्हाट्या हे चुलीचे जळण. जमिनीवर काय अंथरायचे, हा प्रश्न गरीब घरात गोठा आणि चूल यांच्याशी स्पर्धा करत असे. शिवाय कोरड्या काडाला वाळवी लागते. आज उसाचे पाचट आणि केळीची पाने पुष्कळ उपलब्ध आहेत. तीन-चार इंच जाड थर, खोडापासून थोडा दूर ठेवून दिला, तर टोमॅटोला तो उत्तम मानवतो.

१२/ आता कागदाकडे. आच्छादनाचा कागद एकेकाळी खरोखर कागदच होता! १९१० च्या दशकात हवाईतील ओला येथील ऊसमळ्याचे व्यवस्थापक चार्ल्स एकार्ट यांनी तण रोखण्यासाठी जमिनीवर कागद अंथरला. पुढे डांबर लावलेला कागद अननसाच्या मळ्यांत पसरला. निंदणीचा मजुरीखर्च वाचवणे हा त्यामागचा एक मोठा हेतू होता.

१३/ १९३३ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत पॉलिथिन जवळजवळ अपघाताने सापडले. दुसऱ्या महायुद्धात ते रडारच्या तारांवर चढले आणि युद्धानंतर शेतात उतरले. केंटकी विद्यापीठाच्या एमर्ट यांनी १९५० च्या दशकात भाजीपाल्यासाठी ते वापरून दाखवले. भारत सरकारने शेतीतील प्लास्टिकसाठी १९८१ मध्ये राष्ट्रीय समिती नेमली. ठिबक आणि मल्चिंगची जोडी मग अनुदानाच्या वाटेने खानदेशात पोहोचली.

१४/ टोमॅटोच्या बाबतीत या कागदाचे महत्त्व अधिक आहे, कारण तणनाशकाचा मार्ग इथे अरुंद आहे. शेजारच्या शेतात फवारलेले २,४-डी वाऱ्याने आले तरी टोमॅटोची पाने आकसतात. मात्र प्लास्टिकही सर्वशक्तिमान नाही. लव्हाळ्याचा टोकदार कोंब ते भेदून वर येतो. हंगाम संपल्यावर फाटलेले तुकडे मातीत राहतात, आणि ते वेचण्याचे काम पुन्हा वाकलेल्या पाठीच्याच वाट्याला येते.

१५/ सारांश : माती, पाचट, प्लास्टिक – प्रत्येक आच्छादनाने तण रोखले आणि प्रत्येकाने आपली किंमत कोणाच्या तरी माथी टाकली. कधी गुरांच्या घासावर, कधी जमिनीवर. निंदणी कमी झाली म्हणजे पाठीला विसावा मिळाला, हे खरे. पण जिचे पोट त्या मजुरीवर होते, तिचा रोजही गेला. तिच्यासाठी दुसरे काम आहे की पुन्हा गुजरातच्या ऊसतोडीची वाट, यावर या ‘प्रगती’चा हिशेब ठरतो.

१६/ राजांच्या तलवारी संग्रहालयात असतात, त्यांच्यावर तारखा कोरलेल्या असतात. खुरप्यावर तारीख नसते. पण झिजलेल्या पात्याचे खुरपे घरात असेल, तर ते कोणाच्या हातातले, ती किती रोजाने जाई आणि काम कधी थांबले, हे आजीला जरूर विचारा आणि लिहून ठेवा. जिल्ह्याच्या इतिहासातले हे पान अजून कोरे आहे.